राखेची नोंद एमबीत होऊ द्या

मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

महोदय,



माझी धाकटी बहीण विदर्भातल्या एका औष्णिक वीज केंद्रापासून चार-पाच किलोमीटरवर राहते. उन्हाळ्यात तिच्या गच्चीवर वाळवण पडतं. कुरडया, सांडगे, ज्वारीचे पापड. त्यावर ती जुनी सुती साडी अंथरते आणि चारी कोपऱ्यांना विटा ठेवते. संध्याकाळी ती साडी हलक्या हाताने गोळा करून कठड्याबाहेर झटकते. वाऱ्याचा रोख तिच्या घराकडे असला, तर साडीतून करडा लोट उठतो. गेल्या वर्षी मला म्हणाली, "दादा, कुरडयांत मीठ कमी पडलं तर चालतं. ही राख मात्र तळणात कळते."

मी हसलो, पण वरमलोही. कारण तिच्या साडीवर बसणारी ही राख मी तीस-पस्तीस वर्षं आनंदाने काँक्रीटमध्ये घातली आहे. खासगी ठेकेदारांकडे साइट इंजिनियर म्हणून माझं आयुष्य गेलं. गच्चीवर वैरीण असलेली ही राख इमारतीच्या पायात मैत्रीण असते, हे मी बहिणीला समजावू शकलो नाही. समजावून उपयोगही नव्हता. तिला पायातली राख दिसत नाही, साडीवरची दिसते. ही साडीवरची राख पायात कशी जाईल, एवढ्यासाठीच हे पत्र. ते ऊर्जा खात्याला किंवा पर्यावरण खात्याला न लिहिता तुम्हाला लिहितो आहे, कारण राख तयार करणारे आणि राखेवर लक्ष ठेवणारे दोघेही ठरलेले आहेत. राज्यात रस्ते, पूल आणि सरकारी इमारती बांधणारं सर्वांत मोठं खातं मात्र तुमचं आहे, आणि राखेला खरं घर बांधकामातच मिळतं.

आधी घरगुती हिशेब मांडतो. आपल्या कोळशात राखेचं प्रमाण 30 ते 45 टक्के असतं. एक युनिट वीज काढायला साधारण 700 ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे महिन्याला 200 युनिट वापरणाऱ्या घराने ती सगळी कोळशाची वीज वापरली, असं धरलं, तर त्या घरामागे दरमहा जवळपास 50 किलो राख उरते. सिमेंटचं एक पोतं म्हणा ना. बिल आपल्या दारात येतं, पोतं मात्र दुसऱ्याच्या गावात पडतं. देशभराचा आकडा 2021-22 या वर्षात 27 कोटी टनांवर गेला होता. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, भुसावळ, परळी, एकलहरे ही आपल्याकडची नावं घेतली, की त्या प्रत्येक ठिकाणी चिमणीइतकाच राखेचा तलावही डोळ्यांसमोर येतो.

ही राख चुलीतल्या राखेसारखी नसते. भट्टीत पिठासारखा दळलेला कोळसा जळतो, तेव्हा त्यातली माती वितळते, वर उडते आणि उडता उडता थंड होऊन तिचे काचेसारखे गोल कण बनतात. बहुतेक कण 45 मायक्रॉनपेक्षा बारीक. विजेच्या पट्ट्यांवर ते अडवले जातात आणि कोरडे गोळा होतात. चिमटीत घेतली तर टाल्कम पावडरीसारखी निसटते. कण गोल असल्यामुळे काँक्रीटमध्ये ही राख बॉलबेअरिंगसारखी काम करते. माल सहज पसरतो, कमी पाण्यात सरकतो. हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. फावडं मारणाऱ्याला विचारा, तो सांगेल आज मालात राख आहे की नाही.

तिचा खरा गुण मात्र नंतर दिसतो. सिमेंट पाण्याशी मिसळून घट्ट होतं, तेव्हा त्यातून चुना मोकळा होतो. हा चुना ताकदीच्या कामाचा नाही. गळक्या स्लॅबखाली जे पांढरे ओघळ दिसतात, तो हाच, पाण्याबरोबर बाहेर पडलेला चुना. राखेतली सिलिका या मोकळ्या चुन्याला धरते आणि त्याच्यापासून पुन्हा सिमेंटसारखाच चिकट, घट्ट पदार्थ तयार करते. जो चुना उद्या ओघळ होऊन बाहेर आला असता, तो आतली छिद्रं बुजवायच्या कामी येतो. पाणी आणि क्षार आत शिरायला वेळ लागतो, सळई उशिरा गंजते. कोकण किनाऱ्यावर बांधणाऱ्याला याचं मोल निराळं सांगायला नको.

ही विद्या आपल्याला नवी नाही. गडावर दगडी चाकाची चुन्याची घाणी दिसली, की पोरं तिच्यावर बसून फोटो काढतात. त्या घाणीत चुना मळला जाई. पुढे धरणांच्या कामांत या चुन्यात भाजलेल्या विटांची भुकटी पडू लागली. तिला सुरखी म्हणत. भाजलेल्या मातीतली सिलिका चुन्याला धरते, तीच ही गोष्ट. 1895 साली पूर्ण झालेलं मुल्लपेरियार धरण चुना-सुरखीत बांधलं आहे. विश्वेश्वरय्यांच्या कृष्णराजसागरातही सुरखी आहे. दर 15 सप्टेंबरला आपल्या सगळ्या कार्यालयांत त्यांच्या तसबिरीला हार पडतो. खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवणारे विश्वेश्वरय्या महाराष्ट्राने आपले मानले, त्यांची सुरखी मात्र आपण विसरलो. वीज केंद्रातली राख म्हणजे फुकट भाजून मिळालेली सुरखीच आहे.

उलट बाजूही पाहा. सिमेंटसाठी चुनखडी 1450 अंशांवर भाजून क्लिंकर करावा लागतो. एक टन क्लिंकरमागे 800 ते 850 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि त्यातला निम्म्याहून अधिक इंधनातून नव्हे, खुद्द दगडातूनच सुटतो. इंधन कितीही स्वच्छ केलं, तरी तो भाग तसाच राहतो. म्हणून क्लिंकर कमी वापरणं हाच सरळ उपाय उरतो. चंद्रपूर जिल्ह्यात तर निसर्गाने आणि माणसाने मिळून सगळं एका ताटात वाढून ठेवलं आहे. कोळशाच्या खाणी तिथे, चुनखडी तिथे, घुग्गुस-कोरपन्याकडचे सिमेंट कारखाने तिथे, आणि महाजनकोचं 2,920 मेगावॅटचं वीज केंद्रही तिथेच.

मग अडतं कुठे? घरं बांधणाऱ्या सामान्य माणसाकडे तर अडत नाही. दुकानातून येणारं बहुतेक सिमेंट पीपीसी असतं. मानकाप्रमाणे त्यात 15 ते 35 टक्के राख चालते, आणि किती घातली ते पोत्यावर छापलेलं असतं. लोकांनी ते न वाचता स्वीकारलं. सरकारी खात्यांनीही हे काम करून दाखवलं आहे, तेही आपल्याच राज्यात. अकोले तालुक्यात प्रवरेवर, भंडारदऱ्याच्याही वर, घाटघर आहे. तिथल्या 250 मेगावॅटच्या उदंचन जलविद्युत प्रकल्पाची धरणं भारतातली पहिली आरसीसी धरणं. आरसीसी म्हणजे इथे आपल्या ओळखीचं सळईचं काँक्रीट नव्हे. कोरडसर काँक्रीट थरांत पसरायचं आणि रस्त्यासारखं रोलरने दाबत वर जायचं, अशी ती पद्धत. त्या काँक्रीटमध्ये सिमेंटपेक्षा राख जास्त होती. त्याला कारणही होतं. सिमेंट घट्ट होताना तापतं. धरणाच्या पोटात ती उष्णता कोंडली, की तडे जातात. राख ते तापणं कमी करते. हे काम राज्याच्याच पाटबंधारे खात्याने केलं. सह्याद्रीच्या कड्यावर जे जमलं, ते नागपूरच्या सपाटीवर अवघड नाही.

अडतं ते मापाशी. आणि मापं दोन आहेत.

पहिलं माप वीज केंद्राच्या फाटकावर चुकतं. 14 सप्टेंबर 1999 रोजी केंद्र सरकारने राखेबद्दलची पहिली अधिसूचना काढली. त्यानंतर दुरुस्त्यांवर दुरुस्त्या झाल्या, आणि 31 डिसेंबर 2021 रोजी नवी अधिसूचना आली. 100 टक्के राख वापरा, न वापरलेल्या राखेवर टनामागे 1,000 रुपये भरा, तलावांतली जुनी राखही संपवा, आणि वीज केंद्रापासून 300 किलोमीटरच्या आतल्या रस्ते-बांधकामांनी राख वापरलीच पाहिजे, असं ती सांगते. कंपास घेऊन राज्यातल्या कोळशाच्या प्रत्येक वीज केंद्राभोवती 300 किलोमीटरचं वर्तुळ काढा. महाराष्ट्राचा एकही कोपरा बाहेर राहत नाही. 2021-22 मध्ये देशात जवळपास 96 टक्के राख "वापरली" गेली, असं सरकारी अहवालच सांगतो. आकडा वाचून वाटतं, प्रश्न मिटला.

पण "वापर" म्हणजे काय? सिमेंटकडे जाते ती साधारण पाव हिस्सा. बाकीच्यांत रस्त्यांचे भराव आहेत, विटा आहेत, आणि सखल जागा भरणं व जुन्या खाणी बुजवणं हेही आहे. राख फाटकाबाहेर पडली, की ती वापरली गेली, असा हा हिशेब. खड्ड्यात पडलेली राख आणि काँक्रीटमध्ये बांधली गेलेली राख या दोन्हींना टक्केवारीत सारखेच गुण मिळतात. शाळेत असा निकाल लावला, तर पालक मास्तरांच्या दारात येतील. राखेत अल्प प्रमाणात का होईना, पारा, आर्सेनिक, शिसं यांसारखे धातू असतात. उघड्या भरावात त्यांच्यापर्यंत पाऊस आणि वारा दोन्ही पोहोचतात. काँक्रीटमध्ये ते जखडले जातात. फरक एवढा मोठा आहे, आणि अहवालाच्या एकूण टक्केवारीत तो शून्य आहे.

तलावांचं काय होतं ते नागपूरकरांनी पाहिलं आहे. जुलै 2022 मध्ये मुसळधार पावसात कोराडी वीज केंद्राचा खसाळ्याचा राख बंधारा फुटला. राखेचा गाळ शेतांत शिरला आणि नाल्यांतून नदीकडे गेला. पाण्यात कालवून तलावात सोडलेली राख एकदा मिसळली आणि भिजली, की काँक्रीटसाठी तिची प्रतही घसरते. म्हणजे चांगला माल आपणच आधी बिघडवतो, आणि मग त्याला गिऱ्हाईक नाही म्हणून रडतो.

दुसरं माप साइटवर चुकतं. त्याची माझ्या डोळ्यांसमोरची गोष्ट सांगतो. गाव आणि काम मुद्दाम सांगत नाही, कारण दोष माणसाचा नव्हता, नियमाकडे बघण्याच्या सवयीचा होता. एका इमारतीच्या राफ्ट पायासाठी आम्ही राख घातलेलं एम-25 काँक्रीट टाकलं होतं. नियमाप्रमाणे 15 सेंटिमीटरचे क्यूब भरले आणि हौदात सोडले. अठ्ठाविसाव्या दिवशी मशिनखाली ठेवले. ताकद 25 हवी होती, 23 आली. तपासणीला आलेल्या साहेबांनी एका ओळीचा शेरा मारला. राख बंद, सिमेंट वाढवा. पुढचं सगळं काम तसंच झालं. हौदाच्या तळाशी चार क्यूब विसरून राहिले होते. नव्वदाव्या दिवशी हौद साफ करताना ते हाती लागले. शेवाळ पुसून मी ते मशिनखाली ठेवले. काटा 25 वर थांबला नाही, 30 वरही थांबला नाही. मग ठाप असा आवाज झाला आणि क्यूबच्या चारी बाजू सोलल्या जाऊन मधे डमरूचा आकार उरला. चांगलं काँक्रीट असंच फुटतं. माझ्या वहीत आकडे लिहिले. बघायला मात्र कोणी नव्हतं. त्या दिवसापर्यंत त्या पायावर इमारतीचे दोन मजलेसुद्धा चढले नव्हते.

राख सावकाश काम करते. मोकळा चुना तयार होईपर्यंत ती थांबते, मग त्याला धरते. अठ्ठाविसाव्या दिवशी तिचा निकाल मागणं म्हणजे कैरी आढीत घालून तिसऱ्या दिवशी आंबा मागणं. मानक इतकं हट्टी नाही. आयएस 456 म्हणतं की संकल्पन 28 दिवसांच्या ताकदीवर करावं, पण एखाद्या बांधकामासाठी पुढच्या वाढीचा पुरावा असेल, तर तो धरता येतो. दार किलकिलं आहे. पाया, राफ्ट, धारक भिंत, मोरीचं बांधकाम, यांवर पूर्ण भार यायला महिने लागतात. तिथे 56 किंवा 90 दिवसांचं माप लावायला हरकत कोणाची?

ठेकेदारांची बाजूही मांडतो, कारण मी त्यांच्याच पंगतीत जेवलो आहे. राखेचं काँक्रीट थंडीत जास्तच रेंगाळतं. स्लॅबचं सेंटरिंग चार दिवस जास्त ठेवावं लागतं, आणि सेंटरिंगचं भाडं रोज चढतं. क्युअरिंग नीट हवं. गोणपाट ओलं ठेवायचा कंटाळा केला, तर राखेचा फायदा सोडाच, पृष्ठभाग भुसभुशीत होतो. राखेची प्रतही गाडीगणिक बदलते. न जळलेला कोळसा जास्त राहिला, तर माल काळपट होतो आणि रसायनांचं प्रमाण बिघडतं. म्हणून आयएस 3812 मध्ये बारीकपणा आणि जळणारा अंश यांच्या मर्यादा घालून दिल्या आहेत. हे सगळं खरं आहे. पण या अडचणी वेळापत्रकाने आणि तपासणीने सुटणाऱ्या आहेत. राख नको म्हणायला त्या पुरत नाहीत. भाडं चार दिवसांचं वाढत असेल, तर ते अंदाजपत्रकात धरा. ठेकेदाराच्या खिशातून निसर्ग वाचवायला सांगितलं, की तो कागदावर वाचवतो.

आणखी एक गोष्ट, थोडक्यात. ज्याला कोणी विचारत नव्हतं, त्या राखेला गिऱ्हाईक आलं, की तिच्याभोवती दादागिरीही येते. परळीच्या राखेची बेकायदा उचल आणि वाहतूक वर्तमानपत्रांतून पुरेशी गाजली आहे. उघड्या ट्रकमधून सांडत जाणारी राख रस्त्याकडेच्या घरांत शिरते. कोरडी राख सायलोतून बंद बल्करमध्ये, वजनकाट्याची पावती घेऊन गेली, तर दोन्ही रोग एकाच औषधाने बरे होतात.

आता मागणं. तुमच्या खात्यात एक जुनी, शहाणी वस्तू आहे. मोजमाप पुस्तिका, आपली एमबी. खोदाई किती, काँक्रीट किती, सळई किती, सगळं कनिष्ठ अभियंता जागेवर मोजून तिच्यात चढवतो, आणि त्यावरूनच बिल निघतं. या खात्यात जे एमबीत चढतं, ते होतं. जे चढत नाही, त्याची नुसती परिपत्रकं निघतात. राखेची आजवर परिपत्रकं निघाली. 2016 मध्ये राज्याने राख वापराचं स्वतंत्र धोरणसुद्धा आणलं. आता चार गोष्टी करा.

एक, प्रत्येक काँक्रीटच्या कामात घनमीटरमागे किती किलो राख बांधली गेली, ते एमबीत लिहिणं सक्तीचं करा. पीपीसीच्या पोत्यातली टक्केवारी आणि प्लांटवर वेगळी घातलेली राख, दोन्ही.

दोन, ज्या भागांवर भार उशिरा येतो, त्यांच्या निविदेतच 56 दिवसांचा निकाल मान्य असल्याचं लिहा. साइटवरच्या साहेबाने आपल्या हिमतीवर तो मान्य करावा, अशी अपेक्षा धरू नका. निवृत्तीला दोन वर्षं उरलेला माणूस ती हिंमत करत नाही, आणि करूही नये.

तीन, भरावात पडलेली राख आणि काँक्रीट किंवा विटांत बांधली गेलेली राख यांचे आकडे वेगळे प्रसिद्ध करा. तुमच्या खात्यापुरते तरी.

चार, जिल्ह्याच्या गुणनियंत्रण प्रयोगशाळेत राखेची चाचणी सिमेंटच्या चाचणीइतकी नेहमीची होऊ द्या. साखर कारखान्यांतली उसाच्या चिपाडाची राख आणि भंडारा-गोंदियाच्या भातगिरण्यांतली तुसाची राख हीसुद्धा सिलिकेची खाण आहे. तिची पारख करणारे हातही या चाचण्यांतूनच तयार होतील.

कोणी सांगेल, हे सगळं जुनं झालं. आता सिमेंट नसलेलं काँक्रीट आलं आहे. खरं आहे. ऑस्ट्रेलियातल्या टूवूम्बाचा विमानतळ 2014 मध्ये सुरू झाला, त्याच्या फरसबंदीचा मोठा भाग राख, स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतला मळ) आणि अल्कली यांच्या काँक्रीटचा आहे. ते आपल्याकडेही येवो. पण ज्यांना 56 दिवस थांबायचा कंटाळा आहे, ते नव्या रसायनाला दारात उभं करणार नाहीत. कोणी उलट सांगेल, सौरऊर्जा वाढते आहे, कोळसा जाईल, राखेचा प्रश्न आपोआप संपेल. कोळसा जाईल तेव्हा जाईल. देशातल्या तलावांत आजच दीडशे कोटी टनांहून जास्त जुनी राख पडून आहे. ती कुठेही जाणार नाही. तिला उचलावं लागेल, वाळवावं लागेल, पारखावं लागेल. नव्या, कोरड्या राखेची सवय ज्यांना लागली नाही, ते जुन्या, ओल्या राखेला हात लावणार नाहीत.

शेवटची विनंती अगदी स्वस्तातली आहे. प्रत्येक सरकारी कामावर निळा-पांढरा फलक असतो. कामाचं नाव, मंजूर रक्कम, ठेकेदाराचं नाव, काम पूर्ण करायची मुदत. त्याच्याखाली अजून एका ओळीची जागा असते. तिथे लिहा: "या कामात बांधलेली राख: इतके टन." पुढच्या उन्हाळ्यात माझी बहीण बाजाराला जाताना तो फलक वाचेल. साडीवरची राख कुठे गेली, ते तिला मी सांगण्यापेक्षा तुमच्या खात्याच्या फलकावर वाचलेलं जास्त पटेल.

कळावे,

आपला,
एक निवृत्त साइट इंजिनियर,
नागपूर